स्पर्शाचा व्यवसाय आणि समतेची नीती

वाचकहो, मालीश हा विषय या पानांवर पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. धर्मांतर, सवलती, शिष्यवृत्त्या, जमिनीचे प्रश्न, अत्याचारांचे खटले हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीत तेल लावून अंग चोळण्याच्या धंद्याला स्थान कशासाठी? उत्तर सरळ आहे. या देशातील समाजरचनेने आपल्यावर जो अन्याय लादला, त्याचे नावच मुळी स्पर्शावरून पडले आहे. आणि मालीश हा असा व्यवसाय आहे की, ज्यात स्पर्श हाच माल, स्पर्श हेच कसब आणि स्पर्श हीच सेवा. अस्पृश्यता केवळ कागदावरून गेली की माणसांच्या मनांतूनही गेली, हे पारखावयाचे असेल तर विहिरीच्या काठाइतकीच मालीशची खाटही उपयोगी पडते. कोणाचा हात कोणाच्या अंगाला चालतो आणि कोणाचा चालत नाही, याचा निवाडा तेथे रोज होत असतो. आणि तो निवाडा कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात नोंदला जात नाही.

हा धंदा आता लहान राहिलेला नाही. रुग्णालयांचे फिजिओथेरपी विभाग, आयुर्वेदाची पंचकर्म केंद्रे, मोठ्या हॉटेलांतील स्पा, खेळाडूंची शिबिरे, चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारे मालीशवाले, बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाया आणि मोबाईलवरून बोलावता येणारी घरपोच सेवा, अशा अनेक ठिकाणी स्त्री-पुरुष या कामावर पोट भरीत आहेत. त्यांत आपल्या समाजाची मुले-मुलीही आहेत.

पाश्चात्त्य देशांत या व्यवसायाने स्वतःसाठी नीतिनियम बांधले आहेत. अमेरिकेत १९४३ साली स्थापन झालेली अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन ही संस्था आपल्या सभासदांना भेदभाव न करण्याचे व प्रत्येक माणसाचे मोल मानण्याचे बंधन घालते. अशा शिक्षणक्रमांत 'विविधतेची जाणीव' या नावाचा पाठही असतो. निरनिराळ्या धर्मांच्या, वर्णांच्या, वयांच्या आणि शरीरांच्या माणसांशी कसे वागावे, हे त्यात शिकवतात. आपल्याकडील खाजगी प्रशिक्षण वर्गांतही हे पाठ आता येऊ लागले आहेत. ते यावेत, त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु परक्या समाजासाठी लिहिलेला पाठ जसाच्या तसा येथे उतरवला, तर त्यातून आपला मुख्य प्रश्न निसटून जातो. पाहुण्याच्या धर्माची अदब राखणारा, त्याच्या भाषेत त्याला नमस्कार करणारा मालक त्याच दिवशी कामाला आलेल्या मुलीला तिचे आडनाव विचारून परत पाठवीत असेल, तर त्याच्या विविधतेच्या जाणिवेला आपण काय किंमत द्यावी?

या रोगाचे मूळ कोठे आहे, ते पाहू. मराठी मुलखात हजामत व चंपी ही न्हाव्याच्या बलुत्याची कामे. गावातील प्रतिष्ठितांचे अंग रगडणारा न्हावी जातींच्या उतरंडीत स्वतः खालच्या पायरीवर होता. पण त्याच्याही खाली एक पायरी ठेवलेली होती. महार, मांग, चांभारांच्या डोक्याला त्याने हात लावला, तर स्पृश्य गिऱ्हाइके त्याला आपले डोके देत ना. म्हणजे त्याच्या नकारामागे धर्माची भीती होती तशी पोटाचीही भीती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे कार्य हे असे चालते. पिळल्या जाणाऱ्या माणसालाच ती दुसऱ्याला पिळण्याचे हत्यार बनवते. साताऱ्यात बाबासाहेबांच्या घरी न्हाव्याला द्यावयास पैसे नव्हते असे नाही, गावात न्हावी नव्हते असेही नाही. तरी भावंडांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. स्पर्श विकणारा माणूसही त्या मुलांना स्पर्श विकावयास तयार नव्हता.

याहून भयंकर प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नमूद करून ठेवला आहे. तो काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचा असून त्याविषयीचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाल्यावर दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर आले, पण वस्तीत जाऊन तिला तपासणार नाही या अटीवर. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरांनी तिला हात न लावता रोगाचे निदान केले. ती बाई वाचली नाही. वैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसाने ज्या हाताने नाडी पाहावयाची, तो हात खिशात ठेवला. रोग्याला स्पर्श नाकारणे म्हणजे उपचार नाकारणे, हा धडा त्या मृत्यूने दिला आहे. तो शरीरोपचाराच्या प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी शिकवला गेला पाहिजे.

आपण म्हणाल, ते दिवस गेले. बऱ्याच अंशी गेले, हे खरे. शहरांतील सलूनमध्ये आज कोणी जात विचारीत नाही. परंतु जेथे स्पर्श अधिक निकटचा, अधिक वेळचा आणि घराच्या उंबऱ्याच्या आतला होतो, तेथे जुना प्रश्न नव्या शब्दांत उभा राहतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो. नावगाव सांगणे उचित नाही. बाळंतिणीची व बाळाची मालीश हे त्यांचे काम. एका घरी तीन आठवडे त्यांनी काम केले. कामाबद्दल तक्रार नव्हती. बाळ त्यांच्या हाताखाली शांत झोपे. एके दिवशी बोलता बोलता घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी त्यांना त्यांचे गाव, मग आडनाव, मग घरातील देव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की उद्यापासून येऊ नये. त्या बाईंनी मला एवढेच विचारले, "साहेब, माझ्या हाताचं काय चुकलं?" त्यांना फिर्याद करावयाची नव्हती. त्याच इमारतीत त्यांची आणखी तीन घरे होती; गवगवा झाला असता तर तीही बंद झाली असती. कायदा जाणणारा माणूस अशा वेळी कलमे सांगू शकतो, पण बुडालेली मजुरी भरून देऊ शकत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार फिर्यादीच्या आधी, म्हणजे धंद्याच्या नियमांतच झाला पाहिजे, असे माझे मत आहे.

तरीही कायदा काय सांगतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण आपल्यातील पुष्कळांची समजूत अशी आहे की, खाजगी दुकानदाराने कोणाला सेवा द्यावी हा त्याचा खाजगी मामला आहे. ही समजूत चुकीची आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आज ज्याला आपण कलम १५ म्हणतो त्या कलमावर चर्चा झाली. त्यात दुकानांत प्रवेश करताना कोणावरही जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून निर्बंध घालता येणार नाही, असे म्हटले आहे. 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, असे विचारण्यात आले असता बाबासाहेबांनी उत्तर दिले की, हा शब्द व्यापक अर्थाने योजलेला आहे; जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो त्याची जागा त्यात येते; आणि या कलमाचा हेतू नुसते आत पाऊल टाकू देण्यापुरता नसून अटी मान्य असल्यास सेवा मिळण्याचाही आहे. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे, आजचे कलम १७, समितीने मंजूर केले. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या याच उत्तराचा आधार घेतला. तेव्हा मालीशचे केंद्र, स्पा किंवा फिजिओथेरपीचा दवाखाना हे घटनेच्या भाषेत दुकानच होय.

घटनेच्या पाठोपाठ १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. १९७६ साली तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखादा धंदा करण्यास अगर नोकरी करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम ६ प्रमाणे इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर सेवा दिली जाते, तशी ती देण्याचे अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते हे खरे. परंतु कलम ८ कडे आपले लक्ष वेधतो. कलम ६ खाली दोषी ठरलेल्या माणसाजवळ त्या धंद्याचा परवाना असेल, तर तो रद्द वा स्थगित करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पाचशे रुपयांना न भिणारा मालक परवान्याला भितो. शिवाय कलम १२ प्रमाणे, गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला असल्याने धर्मांतरित बंधुभगिनींनाही या गृहीतकाचा लाभ मिळतो.

आता या बाजूने नेहमी येणारा आक्षेप विचारात घेऊ. कारण तो पोकळ नाही. आक्षेपक म्हणतो, विहीर सार्वजनिक आहे, रस्ता सार्वजनिक आहे, पण माझे अंग सार्वजनिक नाही. माझ्या पाठीला कोणाचा हात लागावा हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. या म्हणण्याचा पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा अधिकार मूलभूत ठरवला, आणि आपल्या शरीरावरील आपला ताबा हा त्याचाच एक भाग आहे. संमतीशिवाय कोणीही कोणाला हात लावू नये, हा स्पर्शाच्या व्यवसायाचा पहिला नियम होय. पण या नियमाच्या आड लपून जातिभेद आत येऊ पाहतो. तेव्हा संमतीचा अधिकार कोठे संपतो आणि अस्पृश्यता कोठे सुरू होते, ती रेषा आखणे हे आपले काम आहे.

ती आखण्यासाठी मी तीन प्रश्न सुचवतो. पहिला, नकाराचे कारण समोरच्या माणसाच्या वर्तनात व कसबात आहे की त्याच्या जन्मात? दुसरा, त्या नकाराने कोणाची सुरक्षितता किंवा लज्जा राखली जाते, की केवळ उच्चनीचता राखली जाते? तिसरा, तो नकार एका व्यक्तीचा आपल्या अंगापुरता आहे, की एखाद्या दुकानाने वा संस्थेने तो आपला नियम बनवला आहे? स्त्री गिऱ्हाईक स्त्रीचाच हात मागते, तेव्हा ती लज्जा व सुरक्षितता मागत असते. ती मागणी रास्त आहे. दारू पिऊन आलेल्या किंवा अश्लील मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला मालीश करणारी बाई नकार देते, तेव्हा ती त्याचे वर्तन नाकारत असते. तिला पाठिंबा देणे मालकाचे कर्तव्य आहे. पण गिऱ्हाईक आडनाव विचारून हात निवडू लागते, तेव्हा तो हात जन्मावरून नाकारला जात असतो आणि त्यातून उच्चनीचतेवाचून काहीही राखले जात नाही. अशा गिऱ्हाइकाला जबरदस्तीने खाटेवर झोपवा, असे कायदा म्हणत नाही. त्याने खुशाल उठून जावे. परंतु मालकाने त्याच्या मागणीप्रमाणे माणसे बदलून दिली, कामाच्या पाळ्या जातीवरून लावल्या किंवा नोंदणीच्या कागदावर जातीचा रकाना ठेवला, तर एका व्यक्तीचा पूर्वग्रह दुकानाचा नियम झाला, आणि तेथे गुन्ह्याची हद्द सुरू झाली. 'येथे हात कसबावरून दिला जातो' एवढे एक वाक्य मालकाला उच्चारता आले पाहिजे.

सरसकट बंदी हाही यावरचा उपाय नव्हे. २०२१ साली दिल्ली सरकारने स्पामध्ये पुरुषाने स्त्रीची व स्त्रीने पुरुषाची मालीश करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. लज्जेचा प्रश्न हा दोन व्यक्तींच्या संमतीने सुटणारा आहे. सर्वांना सारखी बेडी घातल्याने दुराचार करणारा सुटतो आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्याची भाकरी जाते.

संमती म्हणजे केवळ सुरुवातीला घेतलेला होकार, असे समजू नये. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना बजावले की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती होत नाही. हेच तत्त्व मालीशलाही लागू केले पाहिजे. पाठीला होकार म्हणजे मांडीला होकार नव्हे. ज्या भागाला तेल लावावयाचे तेवढाच उघडा ठेवून बाकीचे अंग चादरीने झाकावे; काय करणार ते आधी सांगावे; थांबा म्हटले की थांबावे. शीख गृहस्थाच्या पगडीला व केसांना, मुसलमान भगिनीच्या डोक्यावरील वस्त्राला, भिक्खूच्या चीवराला न विचारता हात लावू नये. अपंग माणसाला उचलण्यापूर्वी त्यालाच विचारावे की कसे उचलू. तृतीयपंथी व्यक्तीच्या शरीराविषयी कुतूहलाचे प्रश्न विचारू नयेत. तिला सेवा नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. सावळ्या व काळ्या कातडीवर दाब जास्त झाल्याची लाली गोऱ्या कातडीसारखी उठून दिसत नाही. म्हणून नुसते पाहू नये, विचारावे आणि हाताने ऊब पारखावी. गोऱ्या शरीरांची चित्रे पाहून शिकलेल्या हाताला आपल्या माणसांची अंगे पुन्हा शिकावी लागतात.

येथे जातीचा प्रश्न आरोग्याशी कसा जोडलेला आहे, तेही पाहण्यासारखे आहे. मालीशपूर्वी माणसाचे दुखणे, व्यवसाय आणि आजार विचारावे लागतात. पोटरी एकाएकी सुजून गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. ती चोळल्याने सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर दाब किती हे रोग्याला सांगता येत नाही. ही माहिती रोग्याने मोकळेपणाने सांगितली तरच हात सुरक्षित राहतो. पण गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाने आपला धंदा सांगितला की त्याबरोबर त्याची जातही सांगितली जाते. समोरच्या चेहऱ्यावर तिरस्कार दिसेल या भीतीने तो खोटे सांगतो किंवा गप्प बसतो. मग त्याच्या खांद्याला काय झाले, कातडीला कशाचा संसर्ग झाला, हे कळावे कसे? तिरस्कार हा निव्वळ शिष्टाचाराचा भंग नाही. त्याने उपचार चुकतो. म्हणून ऐकलेले गुप्त ठेवणे आणि ऐकताना तोंड न फिरवणे, ही दोन कर्तव्ये तेलाइतकीच आवश्यक आहेत.

आपल्या धम्मात या नीतीची परंपरा किती जुनी आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर बुद्धांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे; रोग्याला काय हितकर व काय अहितकर हे कळावे; लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी; मलमूत्राची किळस करू नये; आणि धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याला धीर द्यावा. रोग्याचेही गुण सांगितले आहेत, त्यांत आपले दुखणे खरेखरे सांगणे हा एक आहे. संघाचे हे नियम पहिल्या संगीतीत राजगृहाला कोणाच्या मुखातून वदवले गेले? उपालीच्या. हा उपाली शाक्यांचा न्हावी. दीक्षेच्या वेळी शाक्य कुमारांनीच विनंती केली की, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान उतरेल. ज्याच्या हाताला समाजाने सेवकाचा हात म्हटले, त्याच्याच स्मरणात संघाची आचारसंहिता सुरक्षित राहिली.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातही, जे मराठी रसिकांना देवलांच्या संगीत नाटकामुळे परिचित आहे, संवाहक नावाचे पात्र आहे. संवाहक म्हणजे अंग चेपणारा. कला म्हणून शिकलेली ही विद्या पुढे त्याच्या उपजीविकेचे साधन झाली. जुगारात सर्वस्व गमावल्यावर तो बौद्ध भिक्खू होतो आणि मेली समजून टाकून दिलेल्या वसंतसेनेला वाचवतो. त्या वेळी तो तिला हात देत नाही. जवळची वेल वाकवून तिचा आधार घेऊन उठण्यास सांगतो. ज्याचा सारा धंदा स्पर्शाचा, त्यालाच कोठे स्पर्श करू नये हेही कळत होते. यात आणि काठेवाडच्या डॉक्टरात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोघांनीही हात लावला नाही; परंतु एकाने त्या स्त्रीचा मान राखण्यासाठी, तर दुसऱ्याने आपले पावित्र्य राखण्यासाठी. स्पर्शाची सारी नीती या एका अंतरात सामावलेली आहे.

आता करावयाचे काय? पहिली गोष्ट, २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टसारख्या व्यावसायिकांची नोंदणी व शिस्त यांची व्यवस्था केली आहे. तिच्या आचारनियमांत जातीचे नाव घेऊन भेदभावास मनाई असावी, अशी मागणी आपण करावी. मोघम 'विविधता' या शब्दावर समाधान मानू नये. दुसरी, स्पा व मालीश केंद्रांना परवाना देताना स्थानिक संस्थांनी कामगारास वा गिऱ्हाइकास जात विचारण्यास बंदी ही अट घालावी. तिसरी, घरोघर जाऊन काम करणाऱ्या भगिनींना माहीत असावे की, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही येते, आणि मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. चौथी, या बायांचे संघ व्हावेत. एकटी बाई तीन घरांच्या भीतीने गप्प बसते. पन्नास बायांचा संघ गप्प बसत नाही.

आपल्या तरुणांना एक शब्द. हा धंदा हलका आहे म्हणून त्याकडे पाठ फिरवू नका, आणि तो आपल्या नशिबी आहे म्हणून स्वीकारूही नका. जपानात दृष्टिहीनांच्या उपजीविकेसाठी मालीशच्या धंद्याला कायद्याचे संरक्षण आहे. डोळस विद्यार्थ्यांसाठी नव्या शाळा काढण्यावर तेथे मर्यादा आहे, आणि ती घटनासंमत असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. दुर्बलाला आधार म्हणून धंदा देणे वेगळे आणि जन्मावरून माणसाला धंद्याला जखडणे वेगळे. जखडण्याचा प्रकार आपल्या तुरुंगांतही चालू होता. कैद्यांना जातीवरून कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द केले. तेव्हा शिकून, कसब मिळवून, प्रमाणपत्र घेऊन या व्यवसायात शिरा आणि मान ताठ ठेवून काम करा.

आणि शेवटी, आपल्या स्वतःच्या हातांविषयी. आपल्यापैकी जो बौद्ध तरुण आज थेरपिस्ट म्हणून काम करतो, त्याच्या खाटेवर उद्या मेहतर समाजाचा वृद्ध येईल, मुसलमान मजूर येईल, तृतीयपंथी येईल, कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस येईल. त्या वेळी त्याचा हात क्षणभर तरी अडखळला, तर न्हाव्याच्या हातात दिलेले जुने हत्यार आपल्याही हातात आले असे समजावे. आपल्याला नाकारलेला स्पर्श आपण दुसऱ्याला नाकारणार नाही, एवढी प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला जड जाऊ नये.